सराव परीक्षा वाढवू नकोस, तपासायला शीक

प्रश्न : मी जुन्नर तालुक्यातील असून दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. सध्या पुण्यात बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि सदाशिव पेठेतील एका अभ्यासिकेत रोज आठ-नऊ तास बसून कॅटची, म्हणजे आयआयएमसारख्या व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेश परीक्षेची तयारी करते. सहा मॉक (सराव परीक्षा) दिल्या, पण पर्सेंटाइल सत्तरच्या पुढे सरकत नाही. इंग्रजी सर्वांत कच्चे आहे. आणखी एक क्लास लावावा, की कॅटचा नाद सोडून फक्त सीईटी (महाराष्ट्राची एमबीए प्रवेश परीक्षा) द्यावी? वडील शेती करतात. पुन्हा फी मागायची म्हटले की जीव वर-खाली होतो. (मॉकचे तक्ते सोबत जोडले आहेत.)

उत्तर : तक्ते जोडलेस हे फार चांगले केलेस, कारण तुझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यांतच आहे. दुसरा क्लास लावू नकोस आणि कॅटही सोडू नकोस. असे का म्हणतो, ते सहाव्या मॉकमधील गणिताच्या विभागावरून सांगतो.

त्या विभागात २२ पैकी १८ प्रश्न तू सोडवलेस. त्यातील ७ बरोबर आले, ११ चुकले आणि चुकलेले सगळे पर्यायांचे होते. बरोबर उत्तराला ३ गुण आणि पर्यायी प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराला उणे १, या हिशेबाने २१ मधून ११ वजा होऊन हाती १० गुण उरले. आता चुकलेल्या ११ प्रश्नांपुढे तूच लिहिलेले शेरे पाहा. पाच ठिकाणी ‘अंदाजे टिक केले’ असे आहे, चार ठिकाणी आकडेमोड चुकली आहे किंवा प्रश्न घाईत वाचला आहे, आणि केवळ दोन ठिकाणी मूळ संकल्पनाच माहीत नव्हती. ते पाच प्रश्न सोडून दिले असतेस आणि ते चार नीट वाचून सोडवले असतेस, तर ११ बरोबर, २ चूक, म्हणजे ३१ गुण झाले असते. दहाचे एकतीस होण्यासाठी एकही नवे प्रकरण शिकावे लागले नसते. जी चूक शिकवण्याच्या अभावाने झालेली नाही, ती दुसऱ्या क्लासमध्ये कशी सुटेल?

म्हणून यापुढे सात-आठ दिवसांतून एकच मॉक दे आणि पुढचे दोन दिवस ती तपासण्यासाठी राखून ठेव. एक वेगळी वही कर. चुकलेला प्रत्येक प्रश्न उत्तर न पाहता पुन्हा सोडव आणि त्यापुढे एकच ओळ लिही : हा प्रश्न मी का धरला, आणि कुठे घसरले. जे प्रश्न बरोबर आले पण चार मिनिटे खाऊन गेले, तेही त्या वहीत यायला हवेत. कॅटमध्ये ६८ प्रश्न आणि १२० मिनिटे असतात, प्रत्येक विभागाला ४० मिनिटे बांधलेली असतात आणि एका विभागातून दुसऱ्यात जाता येत नाही. त्यामुळे ‘हा प्रश्न सोडून द्यायचा’ असा निर्णय अर्ध्या मिनिटात घेता येणे हेही तयारीचेच अंग आहे. तर्क आणि माहिती विश्लेषणाच्या विभागात तर पहिली पाच-सहा मिनिटे सगळे सेट (एकाच माहितीवर आधारलेले प्रश्नांचे गट) नुसते वाचून कोणते धरायचे ते ठरवण्यात घालवलीस, तरी ती वाया गेली असे समजू नकोस.

आता इंग्रजीविषयी, कारण तुझी खरी भीती तिथे आहे. हा विभाग शब्दसंग्रहाची किंवा व्याकरणाची परीक्षा नाही. त्यातील २४ प्रश्नांपैकी साधारण दोन तृतीयांश उताऱ्यांवरचे असतात आणि लेखक नेमके काय म्हणतो आहे, हेच ते विचारतात. समज, एखाद्या उताऱ्यात म्हटले आहे की मुठेच्या पुराला पावसाइतकीच पात्रातील बांधकामेही कारणीभूत आहेत. पर्याय असा येतो : पुराला पावसापेक्षा बांधकामे अधिक जबाबदार आहेत. हे तुला मनातून पटत असेल, कदाचित ते खरेही असेल, पण लेखक तसे म्हणालेला नाही. ‘इतकीच’ आणि ‘अधिक’ यांतला फरक मराठीत तुला क्षणात कळतो. इंग्रजीत तो निसटतो, कारण तिथे तुझे सगळे लक्ष अनोळखी शब्दांत अडकलेले असते.

यासाठी रोज एक इंग्रजी संपादकीय किंवा दीर्घ लेखाची दोन पाने शब्दकोश न उघडता वाच, पान मिट आणि मराठीत तीन ओळी लिही : लेखकाचे म्हणणे काय, तो कोणाचे म्हणणे खोडतो आहे, आणि त्याची खात्री कितपत आहे. हो, मराठीतच लिही. समजले की नाही हे ज्या भाषेत तू विचार करतेस तिच्यातच पारखले जाते, आणि मराठी माध्यमातून आल्याचा कमीपणा वाटून घेण्याचे काहीही कारण नाही. तीन ओळी जमल्या नाहीत, तर तो उतारा पुन्हा वाच. शब्द त्यानंतर पाहा.

अभ्यासिकेतील तासांबद्दलही थोडे सांगावेसे वाटते. तुझ्या शेजारी बसणारी मुले बहुधा एमपीएससीची आहेत आणि त्यांच्या अभ्यासक्रमाला ती बैठक लागते. तुला मात्र घड्याळ लावून चाळीस-चाळीस मिनिटांच्या तीन बैठका आणि त्यानंतरची शांत तपासणी अधिक उपयोगी पडेल.

सीईटी अवश्य दे, पण तिची सवय वेगळी आहे हे लक्षात ठेव. तिथे २०० प्रश्न, १५० मिनिटे आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणजे एका प्रश्नाला पाऊण मिनिट, आणि एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. कॅटसाठी प्रश्न सोडायला शिकलेला हात इथे उलट चालवावा लागतो, म्हणून कॅट आटोपल्यावर सीईटीचे स्वतंत्र सराव पेपर घे. मुंबईतील जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था किंवा आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा पुम्बा हा व्यवस्थापन विभाग येथे सीईटीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, तेव्हा तिला दुय्यम समजू नकोस. क्लासच्या फीपेक्षा या अर्जांसाठी वडिलांकडे पैसे मागणे केव्हाही योग्य ठरेल, आणि सहाव्या मॉकचा हा हिशेब त्यांनाही दाखव.

एक गोष्ट तू पत्रात लिहिलेली नाहीस, ती म्हणजे पाचव्या सत्राची परीक्षा. कॅट गेली काही वर्षे नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होते आणि विद्यापीठाच्या परीक्षा त्याच्या आसपास येऊ शकतात. बऱ्याच आयआयएम मुलाखतीची यादी करताना दहावी, बारावी आणि पदवीचे गुणही धरतात. वेळापत्रक लागले की त्या काळातील मॉक सरळ रद्द कर, वाचन तेवढे चालू ठेव आणि बी.कॉम.चे पेपर नीट दे.