पहिले तीन दिवस महागच पडू द्या

प्रश्न : मी २६ वर्षांची, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला आहे. हाती ४६,००० येतात. घरी १५,००० देते, शैक्षणिक कर्जाचा हप्ता ६,२००, एसआयपी ५,०००, माझा स्वतःचा खर्च दहा हजारांच्या आसपास. बचत खात्यात ५५,००० आहेत आणि दीड लाखाची एक एफडी डिसेंबरात पूर्ण होते. दिवाळीला जोडून २१ दिवस एकटीनं व्हिएतनाम फिरायचंय, पाठीवर बॅग टाकून. देशाबाहेर पहिल्यांदाच जातेय. माझा हिशेब ९५,००० चा आहे : विमान ३८,०००, रोज २,००० प्रमाणे ४२,०००, आणि व्हिसा, विमा, बॅग, बूट मिळून १५,०००. अकरा रजा शिल्लक आहेत. बाबा म्हणतात, एफडीला हात लावायचा नाही. एका ॲपवर १६ टक्क्यांनी वर्षभरासाठी कर्ज लगेच मिळतंय. घेऊ का? आणि तिथे पैसे न्यायचे कसे?
— मानेवाडा, नागपूर

उत्तर : जा. पण दिवाळीत नको, मार्चमध्ये जा. आणि कर्ज काढून तर नकोच.

आधी कर्जाचं बघू. ९५,००० वर १६ टक्क्यांनी बारा महिन्यांचा हप्ता बसतो साधारण ८,६२०. व्याज ८,४०० च्या वर जातं. प्रोसेसिंग फी दोन टक्के धरली तर ती जीएसटीसकट २,२४२. म्हणजे पावणेअकरा हजार नुसते कर्ज घेण्याचे गेले. त्याहून वाईट पुढे आहे. तुमच्या हातात महिन्याला उरतात ९,८००, त्यातले ८,६२० हप्त्यात जाणार. म्हणजे परत आल्यावर वर्षभर तुम्ही हजार-बाराशे रुपये शिलकीवर नोकरी करणार.

बाबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. एफडी मोडण्याची भीती आपल्या घरांमध्ये जरा जास्तच असते. बहुतेक बँका मुदतीआधी मोडली तर व्याजदरातून अर्धा ते एक टक्का कापतात; एफडीला दहा महिने झालेत आणि टक्काभर कापला असं धरलं, तर दीड लाखावर तो फटका साडेबाराशेच्या आसपास बसेल. कर्जाच्या पावणेअकरा हजारांपुढे तो काहीच नाही. तेव्हा या दोनातच निवडायचं असतं, तर मी बिनधास्त एफडी मोडा म्हटलं असतं. पण तुमच्याकडे अडीअडचणीसाठी दुसरं काहीही नाही. घरचे पैसे, हप्ता आणि तुमचा खर्च मिळून महिन्याला ३१,२०० लागतात. ही एफडी म्हणजे नोकरी गेली तर जवळजवळ पाच महिन्यांचा श्वास आहे. म्हणून तिला हात लावू नका. व्याज बुडेल ही भीती त्यामागे नसावी.

मार्च कशासाठी, तर सप्टेंबर ते फेब्रुवारी असे सहा पगार होतात. ९,८०० प्रमाणे ५८,८०० जमतात, आधीचे ५५,००० धरून १,१३,८००. दिवाळीचा बोनस मी मोजलेला नाही, तो आला तर आला. शिवाय दिवाळीत विमानाचे दर चढलेले असतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात व्हिएतनामच्या मधल्या पट्ट्यात, हुए आणि होई आनकडे, जोराचा पाऊस आणि पूर असतात. मार्चमध्ये तो भाग कोरडा असतो. हनोईत तेव्हा थोडी रिमझिम असते, तेवढं चालेल. त्यांचं नववर्ष, तेत, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतं. तेव्हा दुकानं बंद आणि गाड्या भरलेल्या असतात, तेही मागे पडलेलं असेल.

आता तुमच्या हिशेबातली खरी चूक. ‘रोज २,०००’ हा आकडा तुम्ही पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत सारखा लावलाय. अनोळखी देशात तसं कधीच होत नाही. नागपूर स्टेशनवर पहिल्यांदा उतरलेला माणूस बर्डीला जायला ऑटोवाल्याला किती देतो, ते आठवा. पायी पंधरा मिनिटांची वाट असते ती. त्याच्याजवळ पैसे कमी नसतात, त्याला भाव माहीत नसतो एवढंच.

माझंच सांगतो. काही वर्षांपूर्वी हनोईच्या नोई बाय विमानतळावर रात्री एकला उतरलो, कारण ते तिकीट तीन हजारांनी स्वस्त होतं. एटीएमनं कार्ड नाकारलं. परदेशातला वापर मी सुरूच केला नव्हता. जवळचे डॉलर काउंटरवर मिळेल त्या भावानं बदलले, पहिल्या हाक मारणाऱ्याच्या गाडीत बसलो आणि वाटेत पाण्याची बाटली घेतली. दहा हजार डोंगची; डोंग हे तिथलं चलन. निळी नोट दिली, वीस हजारांची समजून. त्यांच्या प्रत्येक नोटेवर हो ची मिन्हच असतात आणि वीस हजारांची जशी निळी, तशी पाच लाखांचीही निळसरच. खोलीवर दिव्याखाली शून्यं मोजत बसलो तेव्हा कळलं, ती बाटली सोळा-सतराशे रुपयांना पडली. तिकिटात वाचवलेले तीन हजार उजाडायच्या आतच संपले होते, गाडीचं तर मी सांगतच नाही.

म्हणून पहिल्या तीन दिवसांचा डबा वेगळा काढा, आणि त्यात कंजूषी करू नका. दिवसा उतरणारं विमान बघा. पहाटे उतरणारंच मिळालं तर आदल्या रात्रीपासून खोली घ्या; नाहीतर दुपारी दोनपर्यंत ताबा मिळत नाही आणि तुम्ही झोपेविना, बॅग घेऊन रस्त्यावर. तेव्हा हनोईच्या जुन्या भागात, ओल्ड क्वार्टरमध्ये, स्वतंत्र खोली, चार रात्रींचे ८,८००. विमानतळावरून हॉटेलनंच पाठवलेली गाडी, १,२००. ८६ नंबरची बसही शहरात जाते आणि फारच स्वस्त आहे. तिनं परत या, जाताना नको. सिम ७००. खाणंपिणं-फिरणं रोज १,५०० प्रमाणे ४,५००. आणि ३,००० चुकांसाठी. हसू नका, ते लागतात. झाले १८,२००. तुम्ही याच तीन दिवसांना ६,००० धरले होते.

पुढचे अठरा दिवस मात्र १,७०० त निघतील. तोवर फोचा, म्हणजे तिथल्या नूडल सूपचा, वाडगा कितीला मिळतो, ग्रॅब ॲपवर भाडं किती दिसतं, डॉर्ममधली कोणती खाट बरी, हे सगळं तुम्हाला समजलेलं असेल. ते झाले ३०,६००. दोन्ही मिळून ४८,८००, म्हणजे तुमच्या आकड्यापेक्षा फक्त ६,८०० जास्त. एकूण सहल १,०१,८०० ची.

आणि एक खर्च तुम्ही धरलाच नाही. २१ दिवसांत कामाचे पंधरा दिवस येतात आणि रजा अकरा. चार दिवस बिनपगारी, म्हणजे सहा हजार गेले. मधले शनिवार-रविवारही कंपनी रजेत मोजते का, ते एचआरला विचारून लेखी घ्या. हे सगळं वजा करूनही पाच-सहा हजार खात्यात उरतात आणि एफडी तशीच राहते.

पैसे नेण्याबद्दल. फॉरेक्स कार्ड घ्या असं तुम्हाला दहा जण सांगतील. व्हिएतनामसाठी मी सांगणार नाही. कार्डावर भरतात डॉलर, खर्च होतो डोंगमध्ये, आणि या दुसऱ्या बदलावर बहुतेक कार्डं पुन्हा आकार लावतात. तीनशे डॉलर रोख न्या, कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा. बर्डी, सदर, धरमपेठेत दोन-तीन परवानाधारक ठिकाणी भाव विचारा. तेवढ्या रकमेवर जीएसटी पन्नासेक रुपये लागतो. खरी कमाई ते दरात काढतात, तेव्हा घासाघीस तिथे करा. बाकीचं कार्डावर. साध्या कार्डांवर परदेशात साडेतीन टक्के आणि वर जीएसटी लागतो, वीस हजारांवर सव्वाआठशे. हा आकार, म्हणजे मार्कअप, नसलेलं कार्ड मिळतं का बघा, सहा महिने हातात आहेत. ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशातला वापर मुळात बंदच असतो, तो निघण्याआधी ॲपमधून सुरू करा. ओटीपी यायला इथल्या सिमचं रोमिंग चालू ठेवा. आणि एटीएमनं ‘रुपयांत बदलून देऊ का’ विचारलं की नाही म्हणा. त्यांचा दर नेहमी महाग असतो.

नोटांची शून्यं सोपी करून सांगतो. शेवटची तीन काढा, उरलेल्याला साडेतीननं गुणा. एक लाख डोंग म्हणजे साडेतीनशे रुपये, थोडे कमीच. पाच लाखांच्या नोटा बॅगेच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा, वीस हजारांच्या शेजारी नाही.

ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढा, एकदाच्या प्रवेशाला २५ डॉलर. हुबेहूब दिसणाऱ्या खासगी साइट त्याचे दुप्पट-तिप्पट घेतात. कोलकात्याहून किंवा दिल्लीहून पुढे जाणार असाल तर नागपूरपासून एकाच तिकिटावर जाता येतं का बघा. दोन वेगळी तिकिटं असली आणि सोनेगावहूनच, म्हणजे नागपूरच्या विमानतळावरूनच, विमान उशिरा सुटलं, तर पुढचं तिकीट बुडतं आणि ते कोणी भरून देत नाही.

मोटारसायकलचं तुम्ही विचारलं नाही, पण तिथल्या उत्तरेकडच्या ‘हा जांग’ या डोंगराळ भागाची चित्रं पाहिली असतीलच. आपल्याकडे मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराचा असतो. व्हिएतनाम मानतं १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा. भाड्यानं गाडी देणारा काही विचारणार नाही. पडलात तर मात्र विमा कंपनी पहिल्यांदा परवाना विचारेल. तिथे स्थानिक चालकाच्या मागे बसून जाता येतं. जास्त पैसे लागतात, ते द्या.

शाकाहारी असाल तर एक शब्द पाठ करा : ‘चाय’. हनोईत ‘चा’ म्हटलं की चहा येतो आणि ‘चाय’ म्हटलं की बिनमांसाचं जेवण. पहिल्या दिवशी माझी यात बरीच फजिती झाली, पण जेवण चांगलं मिळालं.

बॅग नवी घेऊ नका, कोणाची तरी मागून न्या. बूट मात्र स्वतःचे घ्या आणि महिनाभर आधी घालायला लागा. स्वस्त तिकिटात बहुतेक सात किलोच चालतात, आणि काउंटरवर जादा वजनाचे पैसे भरणं फार महाग पडतं. भरलेली बॅग घरूनच तोलून निघा. मी गल्लीतल्या रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवली होती. नऊ किलो चारशे भरली. दोन जाडजूड पुस्तकं तिथेच त्याला देऊन आलो.