कोर्लई गावाचा इतिहास काय आणि किल्ल्याशिवाय तिथे काय आहे?

माझं उत्तर थोडं उलटं आहे: कोर्लईतली सगळ्यात जुनी चालतीबोलती खूण म्हणजे तिथली भाषा. किल्ला पाहा, पण गावात न थांबता परत फिरू नका.

आधी जागा समजून घ्या. अलिबागहून मुरूडला जाताना रेवदंड्याची खाडी ओलांडली, की समुद्रात घुसलेली एक लांबट, चिंचोळी टेकडी दिसते. कुंडलिका नदी तिथेच समुद्राला मिळते. खाडीच्या अलीकडे रेवदंड्यात पोर्तुगीजांचा कोट होता आणि पलीकडे ही टेकडी. चौल बंदरात येणारं प्रत्येक गलबत या दोघांच्या मधून जायचं. म्हणून 1594 मध्ये अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने टेकडीवर तटबंदी घालायला घेतली, आणि त्याच वर्षी पोर्तुगीजांनी ती जिंकून घेतली. 1739 मध्ये वसई पडली, पुढच्याच वर्षी तहात चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आली.

पोर्तुगीज अंमल गेला, पण टेकडीखालच्या ख्रिस्ती वस्तीच्या तोंडची बोली राहिली. ते तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची घडण मराठी: क्रियापद शेवटी येतं. ही लिहायची नव्हे, घरात बोलायची भाषा, आणि बोलणारे जेमतेम हजाराच्या आसपास. आजूबाजूला सगळा मराठीचा समुद्र असताना इतक्या थोड्या माणसांनी ती पावणेतीनशेहून जास्त वर्षं टिकवली, याचं मला प्रत्येक वेळी नवल वाटतं. आता मुलं मराठी शाळेत जातात, त्यामुळे तिची काळजीही वाटते.

किल्ल्यासाठी दीपगृहाकडे जा, पायऱ्या त्याच्या मागूनच चढतात. चढ थोडकाच आहे. वर एकामागून एक दरवाजे, गोड्या पाण्याचं टाकं आणि छप्पर उडालेलं चर्च लागेल. त्या चर्चच्या भिंतींत उभं राहून मी नेहमी रेवदंड्याकडे बघतो. दोन्ही काठ एका नजरेत येतात, आणि तोफा इथेच का मांडल्या हे सांगावं लागत नाही. सकाळी लवकर जा, वर सावली नाही.

उतरल्यावर माउंट कार्मेलच्या चर्चपाशी या. कुणी वयस्क मंडळी बसलेली दिसली तर नमस्कार करा आणि विचारूनच गप्पांना बसा. रेकॉर्डिंग लगेच सुरू करू नका.