वापरलेल्या ९११ ची एक्स्टेंडेड वॉरंटी: 'समाविष्ट नाही' वालं पान आधी वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की वापरलेली पोर्श ९११ घ्यायचीय, एक २००७ ची आणि एक २०१७ ची अशा दोन हेरून ठेवल्यात, आणि डीलर मागे लागलाय की तीन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी आजच घेतलीत तर सूट देतो. तर आज सही करू नका. वॉरंटी वाईटच असते असं नाही हो, पण तुमच्या हातात अजून फक्त ब्रोशर आहे, आणि ब्रोशरवर क्लेम मिळत नाही. पूर्ण अटींचं बाड मागा आणि ते उलटं वाचा, म्हणजे 'खालील गोष्टी समाविष्ट नाहीत' तिथून सुरुवात.

मी हे पोळून शिकलोय. आधी माझ्याकडे एक दोन सीटर होती, इंजिन सीटच्या मागे, वॉरंटी चालू, त्यामुळे मी एकदम निर्धास्त. एकदा सिग्नलला थांबलो तर गोडसर वास आला, कूलंटचा, तो वास एकदा कळला की आयुष्यभर विसरत नाही, आणि काट्याकडे बघतो तर तो लाल पट्ट्यात. गाडी तिथेच बंद केली, टो करून नेली, हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) गेलेलं. कव्हर होणाऱ्या पार्टच्या यादीत हेड गॅस्केट नावानिशी होतं म्हणून मला काही वाटलं नाही. मग सर्व्हेअर आला. मेकॅनिकने कूलंट पाइपचं प्लास्टिकचं तोंड चिमटीत धरून दाखवलं तर उन्हात वाळलेल्या बादलीच्या काठासारखा त्याचा चुरा झाला. सर्व्हेअरने तीन फोटो काढले आणि लिहिलं, मूळ कारण पाइप. आणि पाइप, होज, क्लिपा, रबर हे सगळं वगळलेल्या यादीत! मूळ कारण वगळलेलं म्हणून त्यापायी झालेलं पुढचं नुकसानही वगळलेलं. वर हेड उघडायची मजुरी पण माझ्याच माथी, कारण क्लेम मंजूर होईपर्यंत उघडून बघायचा खर्च मालकाचा असं कलम होतं जे मी वाचलंच नव्हतं. कंपनीचं नाव सांगत नाही, असली कलमं बऱ्याच जणांकडे असतात.

म्हणून पहिलं हे बघा की पॉलिसी कुठल्या जातीची आहे. एकीत 'हे हे पार्ट कव्हर' अशी यादी असते, दुसरीत 'हे हे सोडून बाकी सगळं कव्हर'. स्पोर्ट्स कारला दुसरीच घ्या, महाग पडली तरी. कारण पहिलीत यादी लांबलचक दिसते पण तुमच्या गाडीत जे खरंच बिघडतं ते नेमकं नसतं, इलेक्ट्रॉनिक डॅम्पर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर), अ‍ॅक्टिव्ह इंजिन माउंट, पुढून गाडी उचलणारी लिफ्ट सिस्टिम वगैरे. क्लच, ब्रेक पॅड, टायर दोन्हीकडे नसणार ते मान्य, झिजणारेच पार्ट आहेत, पण कार्बन सिरॅमिक ब्रेक डिस्कही त्याच खात्यात टाकतात हे लक्षात ठेवा, कारण त्यांची किंमत बघून भलेभले गप्प होतात.

आता तुमच्या दोन गाड्या. त्यांचं उत्तर एक नाहीये.

२००७ वाली म्हणजे ९९७ ची (९११ च्या त्या पिढीचा हा पोर्शचा क्रमांक) पहिली आवृत्ती, एम९६/एम९७ कुळातलं इंजिन. यात दोन भुतं आहेत. एक आयएमएस बेअरिंग, म्हणजे इंटरमीडिएट शाफ्टचं. त्या सुमाराच्या इंजिनांत हे बेअरिंग आधीच्यापेक्षा मोठं आणि दणकट आहे पण इंजिनचं केसिंग फोडल्याशिवाय बाहेर निघत नाही. २००९ पासूनच्या नव्या इंजिनात हा शाफ्टच काढून टाकला. दुसरं आणि माझ्या मते जास्त धोक्याचं ते बोअर स्कोरिंग, सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडत जातात, गाडी तेल खायला लागते, गरम इंजिनला टिकटिक येते, एका बाजूच्या सायलेन्सरला काजळी जास्त धरते. आणि वॉरंटीची गंमत इथेच आहे. स्कोरिंग एका दिवसात होत नाही, हळूहळू होतं, म्हणजे कंपनी म्हणणार ही झीज आहे, बिघाड नाही. किंवा म्हणणार हे घेतानाच होतं. दोन्हीकडून तुम्हीच आत. बीएमडब्ल्यूच्या ई९२ एम३ मधल्या व्ही८ च्या रॉड बेअरिंगचंही हेच, झिजतंय तोवर 'झीज' आणि तुटल्यावर 'आधी लक्ष का नाही दिलं'. त्यामुळे अटींमध्ये झिजेमुळे झालेला बिघाड कव्हर आहे असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर २००७ वालीवर बाहेरच्या कंपनीची वॉरंटी घेऊ नका. ते पैसे बोअरस्कोप तपासणीत घाला, सिलिंडर आतून बघून घ्या, आणि उरलेले वेगळ्या खात्यात टाका. पोर्शची स्वतःची वॉरंटी बऱ्याच देशांत गाडी १५ वर्षांची होईपर्यंतच असते, म्हणजे ती या गाडीला नाहीच.

२०१७ वालीचं वेगळं. ती ९९१ ची, म्हणजे पुढच्या पिढीची, दुसरी आवृत्ती, तीन लिटर ट्विन टर्बो, आणि तुम्ही पीडीके, म्हणजे पोर्शचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, म्हणालात. या गिअरबॉक्सला त्रास कमी पण झाला तर आतला एखादा सेन्सर गेला म्हणून कितीतरी मालकांना अख्खा गिअरबॉक्स बदलायला सांगितलं गेलंय, कारण आतले सुटे पार्ट अधिकृतपणे मिळतच नव्हते. असा शक्यता कमी पण बसला तर कंबरडं मोडणारा खर्च, वॉरंटी असते ती याच्यासाठीच. इथे मी डीलरची ऑफर बाजूला ठेवून पोर्श कंपनीचीच वॉरंटी मिळते का ते आधी बघेन. त्यासाठी १११ मुद्द्यांची तपासणी होते, त्यात टायर, बॅटरी, बाहेरचे पार्ट काही ना काही निघतंच आणि ते आधी दुरुस्त करावं लागतं, पण ते विकणाऱ्याच्या खर्चाने करून घ्यायचं, सौदा तिथेच करायचा.

बाहेरचीच घ्यायची वेळ आली तर मजुरीचा दर बघा. क्लेमची मर्यादा सगळे बघतात, मजुरी कोणी बघत नाही. अशा गाड्यांत छोट्या कामाला पण इंजिन खाली उतरवावं लागतं, तास भराभर वाढतात, आणि पॉलिसीत दर तासाची कमाल मर्यादा साध्या गाडीच्या वर्कशॉपच्या हिशोबाने ठेवलेली असते, वरचा फरक तुम्ही भरायचा. मर्यादा प्रत्येक क्लेमला आहे की मिळून सगळ्याला तेही विचारा. पहिले काही आठवडे क्लेम चालत नाही असा वेटिंग पिरियड असतो तोही. आणि पैसे शेवटी देणार कोण, विमा कंपनी की डीलर स्वतः? डीलरचीच कागदी वॉरंटी असेल तर दुकान बंद झालं की कागदाची नुसती रद्दी.

सर्व्हिसचं एक सांगतो कारण इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. स्पोर्ट्स कार वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर फिरते, म्हणून मालक म्हणतो ऑइल कशाला बदलू, पण अट असते 'इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते'. महिने आधी होतात! एक सर्व्हिस दोन महिने उशिरा झाली की त्यांना कारण मिळतं. आधीच्या मालकाचीही सगळी बिलं घ्या, नुसते शिक्के नाही. ईसीयू रिमॅप केलेला असेल, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदललेलं असेल, तर वॉरंटीचा विषयच सोडा, मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी किती वेळा लिहिलं त्याची नोंद बरेचदा राहते. ट्रॅकवर नेणार असाल तर ते कलम चारदा वाचा, काही ठिकाणी शर्यत वगळलेली असते, काही ठिकाणी ट्रॅकवरचं साधं प्रशिक्षणसुद्धा.

आणि घेण्याआधीची तपासणी कराच, पण त्याचा रिपोर्ट दुधारी आहे. 'मागच्या सीलजवळ किंचित तेल' असं लिहिलं असेल तर उद्या कंपनी तेच वाक्य दाखवून आधीपासूनचा दोष म्हणेल. म्हणून रिपोर्टमधलं सगळं विकणाऱ्याकडून दुरुस्त करून त्याचं बिल रिपोर्टला जोडून ठेवायचं.

दोन्ही गाड्यांच्या पॉलिसींच्या अटींचे फोटो टाका, पानं सगळी, मी वाचून सांगतो. तोवर २०१७ वालीच्या विक्रेत्याला विचारून ठेवा की ओव्हर-रेव्हचे, म्हणजे इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवलं त्याचे, आकडे काढून देतो का, सहा रेंजमध्ये नोंद असते, वरच्या रेंजांत आकडे दिसले तर ते इंजिन चालल्याच्या कितव्या तासाला लागलेत तेही बघायचं. तो टाळाटाळ करायला लागला तर मग वॉरंटीचं बघूच नका, दुसरी गाडी बघा.