एप्रिल-मेमध्ये गच्चीवर मधमाश्या हव्यात? भाजी फुलू द्या

ताई, तुमचा प्रश्न असा की नाशिकची पश्चिमेकडची गच्ची, होळीनंतर पिटुनिया करपले, झेंडूला फुलं असूनही त्यावर एक माशी बसत नाही, आणि काकडीला फळ धरत नाही. मग उन्हाळ्यात परागवाहकांसाठी नर्सरीतून कोणती फुलझाडं आणावीत?

माझं ऐकाल तर फारशी आणू नका. पिटुनिया हा आपल्याकडे थंडीचाच सोबती, तो जाणारच होता. झेंडूचं म्हणाल, तर नर्सरीत मिळणारे गच्च गोंडे म्हणजे पाकळ्याच पाकळ्या. माशीला तिथे पराग आणि मकरंद मिळवायला जागाच उरत नाही. बटमोगऱ्याचंही तेच. वास घ्यायला जरूर लावा, पण माश्यांच्या हिशोबात धरू नका.

उन्हाळ्यात खरी कामाची फुलं स्वयंपाकघरातल्या झाडांची. पहिला नंबर सब्जाचा. फेब्रुवारीअखेर पेरलेला सब्जा एप्रिलच्या मध्याला तुऱ्यावर येतो आणि सकाळी त्यावर फुलोरी, सातेरी, पोया, सगळ्या जातींच्या माश्या दिसतात. तुळशीच्या मंजिऱ्या आपण झाड भरगच्च व्हावं म्हणून खुडतो. उन्हाळ्यात एका कुंडीतल्या खुडा, दुसरीतल्या राहू द्या. ऊन वाढलं की कोथिंबीर फुलावर येते, तेव्हा ती उपटून टाकायची घाई नको. तिच्या बारीक पांढऱ्या फुलांवर सिरफिड माश्या येतात आणि त्यांच्या अळ्या मावा खातात. मिरचीवर मावा असेल तर शेजारी अशी कुंडी हवीच.

फळ न धरण्याबद्दल. काकडीचं फूल सकाळी उमलतं, नर-मादी फुलं वेगळी असतात, त्यामुळे माशी आली नाही तर फळ पिवळं पडून गळतं. दोडका आणि दुधी मात्र संध्याकाळी फुलतात, त्यांच्याकडे पतंग येतात. सकाळी दुधीवर माशी दिसली नाही म्हणून काळजी करू नका. वांग्याची गोष्ट आणखी निराळी. त्याच्या फुलात मकरंद नसतो आणि पराग परागकोशाच्या टोकावरच्या छिद्रातूनच बाहेर पडतो. त्यासाठी फुलाला धरून अंग थरथरवावं लागतं. सातेरीला ते जमत नाही. काळ्या भुंग्याला आणि पोटावर निळे पट्टे असलेल्या माशीला जमतं. म्हणून भुंगा दिसला की झाडू घेऊन धावणाऱ्यांना आवरा. तो वाळक्या लाकडात, बांबूत घर करतो, तेव्हा मांडवाचा एखादा जुना बांबू राहू द्या. निळ्या पट्ट्यांची माशी मातीत बीळ करते. प्रत्येक कुंडी कोकोपीटने आणि पालापाचोळ्याने झाकणं पाणी वाचवायला उत्तम, पण एका कोपऱ्यातल्या कुंडीत माती उघडी आणि कोरडी ठेवा.

गुलाबाच्या पानांना कडेने कातरल्यासारखे गोल काप दिसले तर तो रोग नव्हे, पानं कापून घरट्यात नेणाऱ्या माशीचं काम आहे. लगेच फवारणी करू नका. निंबोळी तेलही फुलांवर नको. फवारायचंच असेल तर सूर्यास्तानंतर आणि फक्त पानांवर.

पाण्याबद्दल दोन गोष्टी. झाडाला ताण बसला की फुलातला मकरंद कमी होतो, म्हणून पाणी पहाटे द्या, आणि पश्चिमेला एक हिरवी शेडनेट बांधा, बाजू मोकळ्या ठेवून. माश्यांसाठी उथळ ताटलीत गोटे घालून पाणी ठेवा. खोल भांड्यात त्या बुडून मरतात. भर दुपारी फुलांवर सामसूम असते, पण सातेरीची फेरी ताटलीवर चालू असते, कारण पोळं थंड ठेवायला ती पाणीच वाहते. तुमची बाग बघायची वेळ सकाळी सात ते दहा.

फुलपाखरांना कढीपत्ता आणि लिंबू पुरे. पानांवर पक्ष्याची शीट वाटावी अशी अळी दिसली तर तिला राहू द्या, चार पानं गेली तर आमटीचं काही अडत नाही. घाणेरीवर फुलपाखरं येतात हे खरं, तरी मी ती कुणाला सुचवत नाही. रानं गिळणारं झाड आहे ते. हौस असेल तर पेंटगुळ लावा.

आता एप्रिल लागला आहे, बिया पेरून या हंगामाला फार उपयोग नाही. सब्जा आणि तुळशीची तयार रोपं आणा, ओळखीच्यांकडून एकेरी पाकळीच्या ऑफिस टाइमच्या, म्हणजे पोर्टुलाकाच्या, काड्या मागून घ्या. त्या कडक उन्हातही लवकर मूळ धरतात. आणि तोवर काकडीचं नर फूल तोडून, पाकळ्या काढून, सकाळीच मादी फुलावर हाताने फिरवा. मादी फुलामागे इवलीशी काकडी असते, चुकणार नाही.