मेल जातो, उत्तर काही येत नाही

प्रश्न: मी बडोद्याला मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या युनिटमध्ये परचेस बघते. सप्लायरांना रोज मेल करते पण निम्म्यांचं उत्तरच येत नाही, मग फोन करा, तर फोनवर म्हणतात मेल टाका ना मॅडम! गेल्या आठवड्यातला मेल देतेय. सब्जेक्ट 'रिक्वायरमेंट', आणि आत, 'रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू अवर टेलिफोनिक डिस्कशन, प्लीज फाइंड अटॅच्ड डिटेल्स अँड डू द नीडफुल अ‍ॅट द अर्लिएस्ट.' इंग्लिश तर बरोबर आहे ना, मग चुकतं कुठे?
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर: ताई, इंग्लिश ठीकच आहे, घोळ 'नीडफुल'मध्ये आहे. समोरच्याने नक्की काय करायचं, रेट द्यायचा, ड्रॉइंग तपासायचं की डिलिव्हरीची तारीख सांगायची? अटॅचमेंट उघडल्याशिवाय त्याला कळत नाही, आणि तो मेल बघतो मोबाईलवर, मशीनजवळ उभा राहून, म्हणतो संध्याकाळी बघू, आणि संध्याकाळपर्यंत त्यावर अजून वीस मेल येऊन पडलेले असतात. मी स्वतः बरीच वर्षं परचेसमध्ये होतो, माझ्याकडूनही असे मेल राहून गेलेत, त्यात कुणाला टाळायचं नव्हतं.

तोच मेल असा करून बघा, समजा तुम्हाला फ्लँज, म्हणजे पाइप जोडायच्या चकत्या, हव्या आहेत. सब्जेक्ट: 'एसएस ३०४ फ्लँज, २०० नग, रेट हवा, शुक्रवारपर्यंत'. आणि पहिलीच ओळ: '२ इंच, क्लास १५०, २०० नग, जीएसटी सोडून रेट काय आणि माल किती दिवसांत मिळेल हे शुक्रवारी ५ पर्यंत कळवाल का? शनिवारी ऑर्डर काढायची आहे.' एवढं वाचून माणूस उभ्या उभ्या दोन आकडे टाइप करून मोकळा होतो. शनिवारचं कारण नक्की लिहा, नुसत्या 'अर्लिएस्ट'ला कोणी घाई करत नाही. दुसऱ्या आयटमचं जुनं बिल वगैरे त्यात घुसवू नका, त्याचा वेगळा मेल, नाहीतर सोप्याचं उत्तर येतं आणि अवघड तसंच राहतं.

'टू'मध्ये एकच नाव ठेवा, बाकीचे सीसीत. एकाच कंपनीच्या चौघांना 'टू' केलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा देईल उत्तर. ड्रॉइंग मोठं असेल तर जीमेल २५ एमबीच्या वर फाइल जोडत नाही, ड्राइव्हची लिंक करतं, तेव्हा समोरच्याला ती उघडायची परवानगी दिलीय का तेवढं बघा.

उत्तर नाही आलं तर दोन कामाचे दिवस थांबून त्याच मेलवर रिप्लाय करा, नवा नको, आणि लिहा, 'हा आयटम तुमच्याकडे होत नसेल तर तसं कळवलं तरी चालेल'. कितीतरी जण नाही म्हणायला संकोचतात म्हणूनच गप्प असतात हो! आणि दिवाळीत पाठवलेल्या मेलचं उत्तर लाभपाचमेच्या (कार्तिक शुद्ध पंचमीच्या) आधी येईल असं धरू नका, आपल्याकडे गुजरातेत बरीच दुकानं-ऑफिसं त्या दिवशीच उघडतात, तेव्हा रेट आधीच मागून ठेवा.

फोन करावाच लागला तर जरूर करा, फक्त ठेवल्या ठेवल्या दोन ओळी टाका, 'आत्ता बोलल्याप्रमाणे रेट इतका, माल इतक्या दिवसांत, काही चुकलं असेल तर सांगा.' पुढे बिल जास्त आलं की अकाउंट्सवाले हाच मेल मागतात.