‘ब्लॅकमेल’मधल्या ‘मेल’चा टपालाशी काय संबंध?

काहीही संबंध नाही. धमकीचे निनावी पत्र डोळ्यांसमोर येत असल्यामुळे हा समज पक्का झाला असावा. परंतु टपालाचा ‘मेल’ हा पिशवी या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला, तर ‘ब्लॅकमेल’मधला ‘मेल’ हा स्कॉटलंडमधील बोलीत खंड किंवा भाडे या अर्थाने रूढ होता आणि त्याचे मूळ करार या अर्थाच्या जुन्या नॉर्स (स्कँडिनेव्हियातील प्राचीन भाषा) शब्दात सापडते.

सोळाव्या शतकात इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सीमेवर लुटारू टोळ्यांचा सुळसुळाट होता. शेतकऱ्याने टोळीच्या नायकाला रोकड, धान्य किंवा गुरे द्यायची आणि त्या बदल्यात नायकाने त्याच्या गोठ्याला हात लावायचा नाही, शिवाय इतर लुटारूंपासूनही त्याचे रक्षण करायचे, असा हा व्यवहार असे. थोडक्यात, ही खंडणीच, आणि तिलाच ‘ब्लॅकमेल’ म्हणत. इंग्लंडच्या संसदेने 1601 मध्ये उत्तरेकडील चार परगण्यांत ती घेणे आणि देणे, दोन्ही गुन्हा ठरवले, म्हणजे नाडला गेलेला शेतकरीही आरोपीच! स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात मात्र ही प्रथा अठराव्या शतकापर्यंत टिकली, आणि रॉब रॉय मॅकग्रेगर या तिथल्या बंडखोराचे नाव त्यासाठी विशेष गाजले.

‘ब्लॅक’चा उलगडा तितका सरळ नाही. चांदीच्या नाण्यांत भरलेल्या खंडाला ‘पांढरा’ म्हणत, म्हणून गुराधान्यातला तो ‘काळा’, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. काळेपणा व्यवहाराच्या दुष्टपणाचा निदर्शक आहे, हे दुसरे, आणि मला तेच अधिक पटते. गुपित फोडण्याची धमकी देऊन पैसे उकळणे, हा आजचा अर्थ एकोणिसाव्या शतकात रुळला.