जळगावात पोळ्यापासून दिवाळीपर्यंत शिंका थांबत नाहीत. परागकणांचा अंदाज आधी कसा लावायचा?

मोबाइलवरचा हवेचा निर्देशांक त्यासाठी पाहू नका. त्यात धूळ, धूर, वायू मोजतात, परागकण नाहीत. त्यापेक्षा बांधाकडे बघा. कपाशीच्या कडेला गाजरगवत पांढऱ्या फुलांवर आलं की तुमचे त्रासाचे दिवस सुरू झाले असं समजा. (१९५५च्या सुमारास पुण्यात दिसलेलं हे तण आता खान्देशभर आहे.) मग हवामान खात्याचा अंदाज वाचा: सलग पावसात पराग धुऊन खाली बसतात, दोन-तीन दिवस कोरडं ऊन आणि वारा असला की त्रास वाढतो. तेव्हा रुमाल नको, मास्कच लावा. घरी आल्यावर डोळे धुवा, कपडे बदला. गवत फुलण्याआधीच उपटा, पण हातमोजे घालून, कातडीलाही ते सोसत नाही. छातीत घरघर सुरू झाली तर मात्र काढ्यांवर दिवस घालवू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.